काळा मसाला किती नेऊ, असं विचारलंस म्हणून

अमळनेर,
होळीच्या आधी

प्रिय मित्रा,

परवा तुझा निरोप मिळाला, तेव्हापासून लिहू लिहू म्हणतोय. तुला प्रवेश मिळाला, तोही जर्मनीतल्या माझ्याच राज्यात, बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये, मी शिकतो तिथून रेल्वेने तासाभरावर! फोनवर मला नीट बोलताच आलं नाही, गळा भरून आला होता.

तू विचारलंस, काळा मसाला किती किलो नेऊ, ज्वारीचे बिबडे-पापड टिकतील का, तूप चालतं का. तूप, खवा, पेढे अजिबात घेऊ नकोस. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. मसाला अर्धा किलो पुरे. बिबडे ने, पण थोडेच. का, ते सांगायला हे पत्र लांबणार आहे.

माझ्या दोन बॅगांपैकी एक अख्खी खाण्याची होती. अमळनेर स्टेशनावर तूच ती डब्यात चढवलीस. पहिले तीन महिने मी खोलीचं दार लावून भात आणि शेंगदाण्याचा ठेचा खाल्ला. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडायचा. मी डबा उघडायचो, वास घ्यायचो, झाकण लावायचो. ठेचा संपला त्या दिवशी फार पोरकं वाटलं. आईला सांगितलं नाही. तुलाही नाही.

मग एका शनिवारी माझ्या दाराच्या मुठीला एक पाटी लटकलेली दिसली. तिकडे त्या भागात रिवाज आहे, त्याला केअरवोखं म्हणतात. घरातल्या भाडेकरूंनी आठवड्याच्या पाळीने जिना झाडायचा-पुसायचा, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी. मला काहीच कळेना. खाली राहणाऱ्या आजी वर आल्या, हातात झाडू दिला आणि कोपऱ्यातला कचरा कसा काढायचा ते वाकून दाखवलं. आपल्या आजीने अंगण झाडताना दाखवावं तसं. काम झाल्यावर म्हणाल्या, चल जेवायला.

त्या दुपारी मी जे पाहिलं ते तुला सांगायलाच हवं. त्यांनी मैदा, अंडी, मीठ, थोडं पाणी घेऊन लाकडी डावाने फेटलं. पिठाला बुडबुडे येऊन ते डावावरून जडपणे ओघळेपर्यंत फेटत राहिल्या. एक मूठवाली लाकडी फळी पाण्याने ओली केली, तिच्यावर पीठ पसरलं आणि पत्र्याच्या पातीने त्याच्या बारीक बारीक कडा खरवडून थेट उकळत्या पाण्यात सोडल्या. तळाशी गेलेले तुकडे क्षणात वर तरंगले की झाऱ्याने काढायचे. श्पेट्झलं म्हणतात त्याला. मी चुलीशी उभा होतो आणि मला दिसत होत्या आईच्या डुबुक वड्या. तेच वाकून पीठ सोडणं, तेच वर येण्याची वाट पाहणं. बेसनाच्या जागी मैदा, रश्श्याच्या जागी पाणी, एवढाच फरक. सोबत मसूर, आणि त्यात शेवटी व्हिनेगर. सॉसेज नको म्हटलं, तर त्यांनी मसूर दुप्पट वाढला.

त्या मसुराची गोष्ट मला पुढे वर्गात कळली, आणि तू शेतकीवाला म्हणून मुद्दाम लिहितो. जवळच श्वेबिश आल्प नावाचं खडकाळ पठार आहे. तिथे पूर्वी मसूर पिकायचा. गेल्या शतकात परवडेना म्हणून लोकांनी सोडला, आणि जुनं वाणच नाहीसं झालं. २००६ साली ते रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव बियाणे संग्रहात सापडलं. तिथून थोडंसं बी आणून पुन्हा वाढवलं. मसुराचं खोड नाजूक, जमिनीवर लोळतं, म्हणून त्याच्याबरोबर ओट किंवा सातू पेरतात, आधाराला. मी ते ऐकलं आणि आपल्या भरिताच्या वांग्याचा विचार मनातून जाईना. २०१६ मध्ये जळगावच्या त्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं याचा अभिमान आहेच, पण त्याचं बी टिकलं ते घराघरांत राख लावून ठेवणाऱ्या बायांमुळे.

जेवताना आजींनी विचारलं, तुमच्या घरी रोज काय खाता? कळण्याची भाकरी, म्हटलं. कशाची? ज्वारी आणि उडीद. किती ज्वारीला किती उडीद? मित्रा, मी गप्प झालो. धुळ्याच्या कॉलेजात चार वर्षं काढली, दादर ज्वारीचं पीक काळ्या जमिनीतल्या ओलीवर कसं येतं ते मी झोपेतही सांगेन. पण बावीस वर्षं जी भाकरी खाल्ली तिचं प्रमाण मला माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी बाहेर खायला लागलो. शनिवारच्या बाजारात जायला लागलो. तिथे टोकदार कोबी मिळतो, फिल्डर पठारावरचा. आमचं विद्यापीठही त्याच पठारावर आहे, आणि तू उतरशील तो विमानतळही. राईच्या आंबवलेल्या पिठाची पावरोटी पहिल्यांदा आंबट आणि दगडासारखी लागेल. पातळ काप करून, लोणी लावून सावकाश चाव. चौथ्या दिवशी आवडेल. संध्याकाळी तिकडे बहुतेक घरांत चूल पेटतच नाही, ब्रेड आणि चीज, झालं. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारीच भरून ठेवायचं. पाण्याची रिकामी बाटली टाकू नकोस, दुकानात परत दिली की पंचवीस सेंट मिळतात.

दुपारी वाटेत भेटणारा माणूस ‘मालझाइट’ म्हणतो. शब्दशः, जेवणाची वेळ. आपल्याकडे ‘जेवना का?’ म्हणतात ना, तसंच मला ते ऐकू येतं. आणि दुकानात शिरताना ‘ग्र्यूस गॉट’, म्हणजे आपला राम राम. तू शिकतोयस ती पुस्तकी जर्मन बाजारात चालणार नाही, घाबरू नकोस. त्या राज्याचं स्वतःचंच घोषवाक्य होतं, ‘आम्हाला सगळं येतं, फक्त शुद्ध जर्मन सोडून.’ कॉलेजात अहिराणी बोललो की आपण दोघं कसे आवाज खाली करायचो, आठव. तिथले प्राध्यापक भर वर्गात बोली बोलतात. मला ते बघून फार बरं वाटलं, आणि थोडं वाईटही.

आमचं होहेनहाइमचं विद्यापीठ १८१८ चं. इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी १८१५ मध्ये फुटला, पुढच्या वर्षी तिकडे उन्हाळा आलाच नाही, पिकं गेली, माणसं भुकेने मेली. म्हणून तिथल्या राजाने शेतकी शिकवणारी ही संस्था काढली, आणि १८१८ सालीच शेतकऱ्यांचा मेळाही. आजोबा बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी अजून विसरले नाहीत. त्यांना हे सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, म्हणजे भुकेवर शाळा काढली.

घरी आल्यापासून मी आईच्या मागे वही घेऊन फिरतोय. चार पायली दादरला एक पायली सालासकट उडीद, मीठ दळतानाच, आणि दळण किंचित जाडसर. हे आमच्या घरचं. काकूचं वेगळं आहे, तेही लिहून घेतलंय. काल मागच्या अंगणात कपाशीच्या काट्यांवर, म्हणजे वाळलेल्या काड्यांवर, वांगी भाजली. साल काळी होऊन फुटते, आत पांढरा गर वाफाळतो, बिया जवळजवळ नाहीतच. आईने ती गरम असतानाच सोलली, बोटांना पाणी लावत, आणि लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचली. वर कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. मी तिला आजींच्या फळीचा फोटो दाखवला. ती बघत राहिली आणि म्हणाली, एवढं पीठ पातीने काढायचं म्हणजे मनगट दुखत असेल बाईचं.

जाताना मी त्यांच्यासाठी दोन किलो कळण्याचं पीठ नेतोय. तुझी जायची तयारी सुरू होण्याआधी एकदा ये. रविवार बघ, मी पंधरा दिवस आहे. आईने तुझ्यासाठी वांगी सांगून ठेवली आहेत, आणि काट्यांची एक मोळी मी गोठ्याशी वेगळी ठेवली आहे.

तुझाच
मित्र