कॅमेरा कुठे उभा होता, हे विचारायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. युद्धपट आणि युद्धावरचे माहितीपट मी अधाशासारखे बघत आलोय, पण ते बघायचे कसे हे शिकवलंत तुम्ही. तेही संकलनाच्या टेबलावरची कामं बाजूला सारून. म्हणून हे जाहीर आभार.

सुरुवात तुम्ही पहिल्या महायुद्धातल्या सॉमच्या लढाईवरच्या ‘द बॅटल ऑफ द सॉम’ या माहितीपटापासून केलीत. लढाई चालू असतानाच, ऑगस्ट 1916 मध्ये, हा चित्रपट ब्रिटनमध्ये लागला आणि लोकांनी तुफान गर्दी केली. त्यात सैनिक खंदकातून वर चढतात, एक जण काठावरच कोसळून खाली घसरतो. तिथे चित्र थांबवून तुम्ही एवढंच विचारलंत, “कॅमेरा कुठे आहे?” मग दिसायला लागलं. खंदक उथळ आहे, सैनिकांच्या पाठीवर सामान नाही, आणि गोळ्यांच्या वर्षावात तिपाईवरचा कॅमेरा जागचा हललेला नाही. हे दृश्य आघाडीच्या मागे, सरावाच्या जागी उभं केलेलं. पण जखमी साथीदाराला पाठुंगळी घेऊन येणारा सैनिक त्याच चित्रपटात आहे, आणि तो खरा. खरं नि रचलेलं एकाच रिळात! तेव्हापासून ‘माहितीपट म्हणजे सत्य’ हे समीकरण मी सोडून दिलं.

आवाजाचंही तेच. त्या काळातलं रणांगणावरचं चित्रण बहुतेक मुकं. धडाडधूम नंतर स्टुडिओत चिकटवलेलं. किलोमीटरभर लांबच्या स्फोटाचा आवाज पोचायला तीन सेकंद लागतात, पडद्यावर मात्र धूर आणि धमाका हातात हात घालून येतात. आता खऱ्या प्रेतांवर कोणी ढोल-तुताऱ्या वाजवल्या की मी सरळ आवाज बंद करतो.

पीटर जॅक्सनच्या 2018 च्या ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’बद्दल, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या जुन्या चित्रणात रंग भरून केलेल्या माहितीपटाबद्दल, मात्र आपलं जमणार नाही. रंग भरणं तुम्हाला खपत नाही. रंगांचं मी सोडून देतो, पण हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यामुळे त्या चित्रणातले सैनिक शंभर वर्षं पडद्यावर तुरुतुरु धावत होते, विनोदी वाटत होते. त्याने वेग सुधारला, ओठांच्या हालचाली वाचणारे बोलावून त्यांचे शब्द शोधले. माणसं माणसांसारखी चालायला लागली, हे मला रंगांपेक्षा मोठं वाटतं.

सगळ्यात जास्त ऋण नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरच्या ‘शोआ’ या माहितीपटाचं. क्लोद लांझमानचा 1985 चा, नऊ तासांहून मोठा, आणि जुन्या चित्रणाची एकही फ्रेम नाही. त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या नेणारा इंजिनचालक खिडकीतून मागे वळून गळ्यावरून बोट फिरवतो, बस. तिथे तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘कुठेच नाही’ असं येतं. मारणाऱ्यांना पुरावाच राहू द्यायचा नव्हता. म्हणूनच कथापटाला मी दुय्यम मानत नाही. एलेम क्लिमोवचा ‘कम अँड सी’ हा कथापट दुसऱ्या महायुद्धात नाझींनी जाळलेल्या बेलारूसमधल्या गावात उभा राहतो, जिथे पीडितांच्या बाजूने कॅमेरा नव्हताच. तो ‘मी रचलेलं आहे’ हे लपवत नाही. रचलेलं दृश्य पुराव्याच्या थाटात खपवणाऱ्या माहितीपटापेक्षा मला तो जास्त प्रामाणिक वाटतो.

यावर तुमचं काही वेगळं म्हणणं असणार, ठाऊक आहे. सवड झाली की कळवा. रंगांचा वाद तर बाकीच आहे.

तुमचा ऋणी,
एक प्रेक्षक