मंत्री साहेब, किती टक्के ते नको, काय अडतंय ते विचारायला लावा

मा. सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्री,
नमस्कार.

हे पत्र मी फोनवर बोलून टाइप करतेय, वाक्यं लांबली तर सांभाळून घ्या. माझ्या उजव्या हाताला डिस्टोनिया आहे. हात दिसायला ठणठणीत, पण पेन धरून पानभर लिहिलं की अंगठा आत वळतो, बोटं आवळून बसतात, मग डाव्या हाताने एकेक बोट सरळ करत बसायचं. सर्टिफिकेटवर अपंगत्व 30 टक्के.

2019 ला कॉलेजात परीक्षेसाठी रायटर, म्हणजे मी सांगेन ते उत्तर लिहून देणारा माणूस, मागायला गेले तर क्लार्क काकांनी त्या 30 वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "चाळीस असते ना, तर लगेच केलं असतं बघ." माणूस वाईट नव्हता, फाइलमधलं सर्क्युलरसुद्धा काढून दाखवलं. हसावं की रडावं कळेना, बाकीच्यांना मार्क कमी पडतात, मला अपंगत्वच दहा टक्के कमी पडलं. त्या पेपरात शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले. उत्तरं येत होती.

आता गंमत अशी की तेव्हा 2016 चा दिव्यांग हक्क कायदा लागू होऊन दोन वर्षं झालेली. 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, नव्यात एकवीस झाले हे सगळे सांगतात, पण खरा बदल वेगळा होता, तो म्हणजे वाजवी सोय, म्हणजे ज्याचं जिथे अडतं तिथे त्याला झेपेल असा बदल करून द्यायचा. चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या गोष्टींना आहे, वाजवी सोयीला नाही. हे मी म्हणत नाहीये, विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमधे फेब्रुवारी 2021 ला सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, त्या विकास कुमारलाही लिहिताना हाताचाच त्रास होता. मग ऑगस्ट 2022 ला तुमच्याच मंत्रालयाने चाळीसच्या खालच्यांसाठी रायटर आणि तासाला वीस मिनिटं जादा अशा गाइडलाइन्स काढल्या. चांगलं झालं, माझ्यासाठी उशिरा झालं, असो.

पण हे परीक्षेपुरतं झालं. आता मी नोकरीला आहे, खाजगी कंपनीत, आणि तिथे परत तेच टेबल, फक्त पलीकडे क्लार्कच्या जागी एचआर. मी काय मागितलं, तर बोलून टाइप करायचं सॉफ्टवेअर आणि मीटिंगच्या नोट्स हाताने लिहिण्यातून सुटका. पहिला प्रश्न, "यूडीआयडीवर (म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर) किती टक्के?" दुसरं वाक्य, "तुम्हाला दिलं की सगळे मागतील." कायद्यात सोय देणाऱ्यावर पडणारा बोजा अवाजवी आहे का हे त्या त्या प्रकरणात बघायचं असं लिहिलंय हो, म्हणजे माझं सॉफ्टवेअर कंपनीला झेपतं का एवढाच प्रश्न, उद्या कोण मागेल याचा हिशोब त्यात येतच नाही. पण हे मी एचआरला सांगून काय उपयोग, कारण कलम 20 मधे सोय द्यायचं बंधन सरकारी आस्थापनांवर घातलंय आणि खाजगी कंपनीला कलम 21 चं समान संधी धोरण. ते धोरण आमच्याकडे आहे, वेबसाइटवर आहे, रॅम्पचा फोटोपण आहे. अर्ज केला तर किती दिवसात उत्तर द्यायचं, कोणी द्यायचं, याबद्दल अवाक्षर नाही.

आणि खरा त्रास तिथेच आहे साहेब. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. माझा अर्ज सात महिने "प्रोसेसमधे" आहे. जे बंधनकारकच नाही ते कोण करतो? याच कायद्याखालच्या नियमांतल्या नियम 15 चं पण तेच झालं ना, कायदा म्हणतो इमारती, बस, वेबसाइट सुगम करायलाच हव्यात आणि नियम मात्र नुसत्या शिफारशी करत होता, म्हणून नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी केसमधे कोर्टाने तो अवैध ठरवला आणि तीन महिन्यात बंधनकारक नियम करा म्हणून सांगितलं. आता प्रत्येक गोष्टीला आम्ही सुप्रीम कोर्टात जायचं का? ज्याला सॉफ्टवेअर मिळत नाही त्याला वकील परवडतो असं कोणाला वाटतं देव जाणे.

मागणं मोठं नाहीये. नियमात लिहा की वाजवी सोयीचा अर्ज आला की, कॉलेज असो की कंपनी, ठराविक दिवसात लेखी उत्तर द्यायचं. नाही म्हणायचं असेल तर बोजा नक्की कसला ते त्याच कागदावर लिहायचं. आणि अर्जाच्या फॉर्मवर टक्क्यांच्या रकान्याच्या आधी "कोणतं काम करताना अडतं?" हा रकाना ठेवा. खाजगी कंपन्यांना कलम 20 सारखं बंधन घालायला कायदाच बदलावा लागेल, ते संसदेचं काम, पण मांडायचं तुम्हीच.

उत्तर मेलवर पाठवलं तर बरं. कागदी पाठवून पोच म्हणून सही मागितलीत तर तीही देईन, फक्त थोडा वेळ लागेल.

आपली,
एक नोकरदार, 30 टक्के