व्यापारी इमारतींत बॅकफ्लो चाचणी बंधनकारक करावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाणीकपात जाहीर झाली की पाणी किती आणि कधी येणार याची चर्चा घरोघरी होते. इमारतीत एकदा शिरलेले पाणी उलटे फिरून पुन्हा महापालिकेच्या वाहिनीत किंवा पिण्याच्या नळात तर जात नाही ना, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. माझी सारी नोकरी व्यापारी संकुलांच्या नळव्यवस्थेच्या देखभालीत झाली, आणि त्या अनुभवाच्या आधारे या विषयाकडे वाचकांचे व महापालिकांचे लक्ष वेधावे, असे मला तळमळीने वाटते.

पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. पालिकेच्या वाहिनीतला दाब इमारतीतल्या दाबापेक्षा कमी झाला, तर प्रवाहाची दिशा बदलते. यालाच बॅकफ्लो म्हणतात. जिथे चोवीस तास पाणीपुरवठा असतो तिथे असे क्वचित घडते, पण आपल्याकडे बहुतेक भागांत दिवसातून काही तासच पाणी येते. वेळ संपली की व्हॉल्व्ह बंद होतो, उंचावरच्या भागातली वाहिनी रिकामी होऊ लागते, सखल भागातल्या मोटारी उरलेसुरले पाणी खेचतात आणि वाहिनीत निर्वात पोकळी तयार होते. त्या वेळी एखाद्या हॉटेलच्या भूमिगत टाकीतला भरणीचा पाइप पाण्यात बुडालेला असेल, तर टाकीतले पाणी गाळासकट वाहिनीत ओढले जाते. पाइपचे तोंड आणि टाकीतली पाण्याची सर्वोच्च पातळी यांच्यात पाइपच्या व्यासाच्या किमान दुप्पट मोकळे अंतर असावे, हा जगभर मान्य असलेला साधा नियम आहे आणि त्याच्याइतके स्वस्त व खात्रीचे संरक्षण दुसरे नाही. तरीही पाणी पडताना आवाज होतो, शिंतोडे उडतात, एवढ्याशा कारणावरून बॉल कॉकच्या पुढे पाइपचा तुकडा जोडून तो टाकीच्या तळापर्यंत नेलेला मी कित्येक ठिकाणी पाहिला आहे.

धोका किती खरा आहे हे अमेरिकेतील वूस्टर येथील होली क्रॉस महाविद्यालयाच्या उदाहरणावरून कळते. १९६९ साली तिथल्या फुटबॉल संघातील खेळाडू व प्रशिक्षक मिळून ९७ जणांपैकी ९० जणांना हेपॅटायटिसची लागण झाली आणि दोन सामन्यांनंतर संघाला उरलेला हंगाम सोडून द्यावा लागला. तपासात असे आढळले की जवळच लागलेली आग विझवताना पाण्याचा मोठा उपसा झाल्याने वाहिनीतला दाब पडला होता, आणि मैदानाला पाणी देणाऱ्या जमिनीखालच्या खड्ड्यांत साचलेले पाणी पिण्याच्या नळात ओढले गेले होते. त्या खड्ड्यांपाशी खेळणाऱ्या मुलांना आधीच कावीळ झालेली होती. कोणी हेतुपुरस्सर काही केले नव्हते आणि पाइपही कुठे फुटला नव्हता. त्याआधी १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या काळात दोन हॉटेलांच्या सदोष नळजोडणीतून अमीबाजन्य आमांशाची साथ पसरली होती व तीत ९८ माणसे दगावली होती.

आपल्या शहरांत आता या धोक्यात आणखी भर पडली आहे. वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या प्रकल्पांत सांडपाणी शुद्ध करून ते शौचालयाच्या फ्लशसाठी व बागेसाठी वापरले जाते. पाणीबचतीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण त्यामुळे एकाच शाफ्टमधून पिण्याच्या आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याच्या वाहिन्या शेजारी शेजारी जातात. प्रक्रिया केंद्र बंद पडले की फ्लशच्या टाकीला चांगले पाणी द्यावे लागते, आणि ते टाकीच्या वरून मोकळे सोडण्याऐवजी दोन वाहिन्या बायपासने जोडून मध्ये एक गेट व्हॉल्व्ह बसवला जातो. मग दोन पाण्यांच्या मध्ये उरते ती फक्त त्या व्हॉल्व्हची झिजलेली चकती. टँकरच्या किंवा बोअरवेलच्या वाहिनीला पालिकेच्या वाहिनीशी असेच जोडलेले अनेकदा दिसते. रुग्णालये, प्रयोगशाळा, लाँड्री, वातानुकूलनाचे कूलिंग टॉवर, बॉयलर असलेले कारखाने, इतकेच काय, शॅम्पूच्या बेसिनमध्ये हँडशॉवर बुडवून ठेवणारे सलून, या सर्वांना हे लागू आहे.

यावर उपाय म्हणून साधा एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवला जातो. पण टँकरच्या पाण्यातला वाळूचा एक कण बैठकीवर अडकला किंवा रबर कडक झाले, की तो बंद होत नाही, आणि बंद होत नाही हे बाहेरून समजतही नाही. म्हणून धोक्याच्या जागी दोन झडपा व त्यांच्यामध्ये पाणी बाहेर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह असलेले, गेज म्हणजे दाबमापक लावून तपासता येणारे उपकरण वापरतात. चाचणी अवघड नाही. उपकरणाच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद करायचा, त्याच्यावरच्या छोट्या कॉकना (तोट्यांना) दाबातला फरक दाखवणाऱ्या डिफरन्शियल गेजच्या नळ्या जोडायच्या, आतली हवा काढायची आणि दोन बाजूंच्या दाबातला फरक हळूहळू कमी करत रिलीफ व्हॉल्व्ह केव्हा उघडतो ते पाहायचे. फरक २ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचे एकक) खाली जाण्याआधी तो उघडला नाही, तर उपकरण नापास. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील अनेक शहरांत प्रमाणित तंत्रज्ञाकडून ही चाचणी दरवर्षी करून घ्यावी लागते व तिचा अहवाल पाणीपुरवठा विभागाकडे द्यावा लागतो.

एका मोठ्या संकुलात मी पाहिलेली गोष्ट इथे सांगणे आवश्यक वाटते. नकाशात दाखवलेले उपकरण जागेवर होते, पण फॉल्स सीलिंगच्या वर, जिथे गेज घेऊन हात पोचणार नाही अशा ठिकाणी. त्याच्या रिलीफच्या तोंडातून पाणी ठिबकत असे म्हणून कोणीतरी तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळून प्लग बसवला होता. ते ठिबकणे म्हणजे आतली झडप खराब झाल्याची सूचना होती आणि ती सूचनाच बुजवून टाकली होती. त्या प्लगखाली किती काळ काय चालले होते, हे सांगू शकेल असा एकही कागद तिथे नव्हता, कारण उपकरण बसवल्यापासून त्याची चाचणीच झाली नव्हती.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र जानेवारी व जुलै महिन्यात, म्हणजे वर्षातून दोनदा, सादर करावे लागते. पिण्याच्या पाण्यासाठी अशीच, पण वर्षातून एकदा करायची व्यवस्था उभी करणे कठीण नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत आणि पाणीपुरवठ्याच्या भारतीय मानकांत बॅकफ्लो रोखण्याची तरतूद आहेच. मात्र ती नकाशा मंजूर होईपर्यंतच पाळली जाते, पुढे इमारत वापरात आल्यावर तिच्याकडे कोणी पाहत नाही.

आणखी एक प्रमाणपत्र म्हणजे आणखी एक कागदी सोपस्कार, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो गैर नाही. म्हणूनच अहवालात ‘समाधानकारक’ एवढाच शेरा चालू नये. उपकरणाचा क्रमांक, दोन्ही झडपांचे व रिलीफचे प्रत्यक्ष आकडे आणि गेजच्या कॅलिब्रेशनची (अचूकता तपासणीची) तारीख लिहिणे सक्तीचे असावे आणि काही ठिकाणी विभागाच्या अभियंत्याने स्वतः फेरतपासणी करावी. पालिकेच्या परवानाधारक प्लंबरना यासाठी प्रशिक्षण देता येईल. हातात गेज असलेल्या माणसाला एका उपकरणाला अर्धा तासही पुरतो. सुरुवात रुग्णालये, डायलिसिस केंद्रे, हॉटेले आणि सांडपाण्याचा पुनर्वापर करणाऱ्या संकुलांपासून करावी, आणि नव्या व्यापारी नळजोडाला मंजुरी देतानाच उपकरण हात पोचेल अशा जागी बसवल्याचे पाहूनच पाणी सोडावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त देखभाल अभियंता, पुणे