मुंबई-लंडन रेघ वाकडीच काढावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेश प्रवासावरच्या लेखासोबत जगाचा नकाशा छापला होता. त्यात मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टी लावून ओढलेली सरळ रेघ होती, थेट इराकवरून गेलेली, आणि तिच्यावर आकडा होता ७,२०० किलोमीटर. आकडा बरोबर आहे, रेघ चुकली आहे. देवगड तालुक्यात एकतीस वर्षं भूगोल शिकवला, म्हणून राहवलं नाही.

हे अंतर गोलावर मोजायचं असतं. आमच्या शाळेत फूटभर व्यासाचा पृथ्वीगोल होता. अबोलीचे वळेसार ओवायचा दोरा मी मुलांच्या हाती द्यायचे. एक बोट मुंबईवर, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणायचा. ताण बसला की तो आपसूक उत्तरेकडे सरकायचा. कराचीला चाटून इराण, कास्पियन समुद्राचं दक्षिण टोक, जॉर्जिया, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी! मग तोच दोरा पट्टीवर धरायचा. सतरा सेंटिमीटर. गोलाचा घेर ९४ सेंटिमीटर, पृथ्वीचा सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे सेंटिमीटरला साधारण ४२५. गुणाकार मुलं स्वतः करत आणि ७,२००च्या आसपास येत.

एकदा मागच्या बाकावरचा, ट्रॉलरवाल्याचा मुलगा म्हणाला, "बाई, आमच्या बोटीवरच्या जीपीएसार मैल दिसतत, किलोमीटर नाय." त्याच्यामुळे त्या दिवशी सगळ्या वर्गाला सागरी मैल कळला. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग, त्यातला एक भाग म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. विमानाचे वैमानिकही हाच मैल वापरतात हे ऐकल्यावर त्याची मान जी ताठ झाली, ती मला अजून दिसते.

सपाट नकाशाला दोष देत नाही. पपनसाची साल ताटात दाबून बसवायला जा, एक तर ती फाटणार, नाही तर ताणावी लागणार. भिंतीवरच्या नकाशात उत्तरेकडचे देश असेच ताणलेले असतात, म्हणून जवळची वाट तिथे वाकडी दिसते.

हा नुसता शाळेतला हट्ट नव्हे. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं, एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. लंडनचं विमान लांबून का जातं, जास्त वेळ का घेतं, हे दोरा पाहिलेल्या मुलाला लगेच समजेल. आपली सरळ रेघ या दोन्ही देशांना शिवतच नाही, मग ती पाहून त्याला काय कळणार?

आमच्याकडची मुलं वर्तमानपत्रातले नकाशे कापून प्रकल्पवहीत चिकटवतात. पुढच्या वेळी रेघ गोलावरून उतरवून घ्यावी, आणि दिलेला आकडा कमीत कमी अंतराचा आहे की विमानाने प्रत्यक्ष कापलेल्या वाटेचा, हे नकाशाखाली एका ओळीत छापावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
देवगड, जि. सिंधुदुर्ग