शिरवळला दार आपटलं त्याबद्दल

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

शिरवळला उतरताना मी दार आपटलं, धड निरोपही घेतला नाही. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय. फोनवर बोलायला गेलो की आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलो.

भुईंज सोडल्यावर तो मोटारसायकलवाला पडलेला. डब्यातली मटकीची उसळ डांबरावर सांडली होती, भाकरी फडक्यात तशीच गुंडाळलेली. पाच-सहा जण नुसते उभे, त्यातले दोघे मोबाईल धरून. आणि तू म्हणालास, "बाबा, थांबायला नको, पोलिसांचं झेंगट मागे लागेल." थांबलास, पण दोनशे फूट पुढं जाऊन. मी मागं चालत गेलो, १०८ ला फोन लावला. तू गाडीपाशीच राहिलास.

झेंगट लागत नाही रे आता. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलंय. मदत करणाऱ्यावर दावा नाही, खटला नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. कायदा आला, पण माणसाचा हात पुढं येईना. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत तिकीट नाही. परवा वाईच्या गाडीत तशीच एक आजी दांडा धरून उभी होती आणि तरणीताठी पोरं कानात बोंडं घालून खिडकीबाहेर बघत होती. कुणी वाईट नव्हतं त्यातलं. बघायचंच नाही, एवढीच सवय लागलीय सगळ्यांना. ती सवय तुला लागू नये.

नवले पुलाच्या उतारावर गाडी हळू घेतोस ना?

मी एसटीत कंडक्टर असताना केळघरच्या घाटात एकदा एका प्रवाशाच्या छातीत कळ आली. रात्रीची शेवटची फेरी, गाडीत चाळीसेक माणसं. ड्रायव्हरनं गाडी वळवली आणि मेढ्याच्या दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली. "आम्हाला उशीर होतोय" असं एकानंही म्हटलं नाही. एका बाईनं अंगावरची शाल घडी करून त्याच्या मानेखाली सारली, ती परत मागितलीही नाही. वेबिलावर कारण लिहून मी घरी आलो तेव्हा उजाडलं होतं. तू ओसरीवर जागा होतास, माझा तिकिटाचा ट्रे घेऊन आत पळालास.

परत शिकवत बसलो. राग धरू नकोस. रात्रपाळी करून तसाच गाडी चालवत होतास, हे मला त्या वेळी सुचायला हवं होतं. आणि अकरावीत आबांना पाठीवर घेऊन तीन जिने उतरलास, ते मी विसरलेलो नाही. अजून चार लोकांत सांगतो. म्हणूनच परवा जास्त लागलं.

लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहितो. त्या माणसाचं हेल्मेट निळं होतं, तुझ्यासारखंच. जवळ जाऊन तोंड दिसेपर्यंत माझे पाय चालत नव्हते. उद्या नवले पुलाच्या उतारावर तू पडलास आणि बघणारा प्रत्येक जण "झेंगट नको" म्हणाला, तर?

त्याच्या भावाशी काल बोललो. मांडीचं हाड मोडलंय, बाकी शुद्धीवर आहे. ती भाकरी मी उचलून कडेच्या दगडावर ठेवली होती, तिथंच राहिली.

आईनं मेतकूट करून ठेवलंय. आणि कामावर पोचलास की मिस्ड कॉल देत जा, कितीही वाजले तरी.

तुझा,
बाबा