ओव्हरक्लॉकिंगची परीक्षा मे महिन्यात घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडीत निफाडचा पारा घसरला की तुमच्याकडे लगेच बातमी येते, पण त्याच थंडीत ओव्हरक्लॉक केलेला (म्हणजे प्रोसेसरचा स्पीड कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वाढवलेला) पीसी एप्रिल-मेमध्ये का बंद पडतो हे कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या सोसायटीतला अकरावीचा मुलगा ढोल पथकांचे व्हिडिओ एडिट करतो, जानेवारीत त्याने प्रोसेसरचा स्पीड वाढवला, सगळं मस्त चाललं, आणि ऊन तापल्यावर रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ तयार होणं) अर्ध्यातच अडकायला लागलं. पोराला वाटलं प्रोसेसर गेला. गेला नव्हता हो, प्रोसेसरवर बसवलेला पंख्याचा कूलर त्याला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही एवढीच गोष्ट आहे! समजा खोली 20 अंश असताना फुल लोडवर प्रोसेसर 72 ला जातो, तर स्लॅबखालची खोली दुपारी 38 झाली की तोच कूलर, तेच सेटिंग आणि आकडा साधारण 90. एएमडीच्या रायझन 7000 मधले बरेच प्रोसेसर 95 ला आणि इंटेलचे बरेचसे 100 च्या आसपास स्वतःच स्पीड कमी करतात, मग वाढवून मिळवलं काय?

नवीन मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी आपला प्रोसेसर अनलॉक, म्हणजे स्पीड बदलायला खुला, आहे का ते बघा. इंटेलमध्ये नावात के हवा आणि मदरबोर्ड झेड सिरीजचा हवा, रायझन बहुतेक खुले असतात पण ए 520 सारख्या बोर्डवर ते जमत नाही. मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) मल्टिप्लायर, म्हणजे मूळ स्पीडला गुणणारा आकडा, एकेकानेच वाढवायचा (100 मेगाहर्ट्झ गुणिले 45 म्हणजे 4.5 गिगाहर्ट्झ), प्रत्येक वेळी सिनेबेंच ही प्रोसेसरवर ताण टाकणारी टेस्ट चालवायची, शेजारी एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघत बसायचं, घाई नाही. रॅमचं एक्सएमपी (रॅमचा स्पीड वाढवणारं सेटिंग) त्याच दिवशी चालू करू नका, नाहीतर क्रॅश कशामुळे झाला ते कळतच नाही.

खरी काळजी वाढवलेल्या स्पीडसाठी द्याव्या लागणाऱ्या व्होल्टेजची. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे 1.20 वरून 1.32 केलं तर वाढ 10 टक्के दिसते पण उष्णता साधारण 21 टक्क्यांनी वाढते, तीही स्पीड न वाढवता. व्होल्टेजचं सेटिंग ऑटोवर सोडलं तर काही बोर्ड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतात. जास्त व्होल्टेज काय करतं ते इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीत दिसलंच, 2024 मध्ये कंपनीला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) बदलावा लागला आणि वॉरंटी 2 वर्षांनी वाढवावी लागली. ते प्रोसेसर असतील त्यांनी आधी बायोस अपडेट करा, आणि तेही यूपीएसवर, कारण अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्डच बसतो. ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा.

तुमच्या तंत्रज्ञानाच्या पानावर सुट्टी लागायच्या आत हे सविस्तर छापा ही विनंती. आणि दुकानात कोणी ओव्हरक्लॉक करून दिलं तर मल्टिप्लायर, व्होल्टेज आणि टेस्ट घेतली तेव्हा खोलीचं तापमान किती होतं हे तिन्ही बिलावर लिहून मागा.

एक वाचक, सिडको, नाशिक