ऋणनिर्देशातील राहिलेले नाव : प्रयोगशाळेतील मामांना पत्र

आदरणीय मामा यांस,
सादर नमस्कार.

या महिन्याअखेरीस तुम्ही सेवानिवृत्त होत असल्याचे प्रयोगशाळेतील धाकट्या विद्यार्थिनींकडून कळले आणि पदवी घेतल्यापासून मनाला लागून राहिलेली एक रुखरुख आता लिहून काढलीच पाहिजे असे वाटले. आमच्या प्रकल्प अहवालाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि प्राचार्य यांची नावे सन्मानाने छापली गेली; तुमचा उल्लेख मात्र ‘आणि सर्व शिक्षकेतर कर्मचारी’ या शेवटच्या शब्दांत उरकला गेला. ते पान मीच टंकले होते. त्या अहवालातील पाण्याचा जवळजवळ प्रत्येक आकडा तुमच्या हातून किंवा तुमच्या देखरेखीखाली मिळालेला असताना असे व्हायला नको होते. तो अहवाल ग्रंथालयात कोणालाही वाचता येईल असा ठेवलेला आहे, म्हणून हे पत्रही मी सर्वांना वाचता येईल असेच लिहीत आहे.

मी सांगलीची, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे पावसाळ्यात लोक एकमेकांना भेटले की आधी ‘आयर्विनला पाणी किती?’ असे विचारतात. 1929 साली खुल्या झालेल्या त्या पुलापाशी कृष्णेची पातळी 45 फुटांवर पोहोचली की धोका समजायचा, हे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ असते. ऑगस्ट 2019 मध्ये ती 57 फुटांच्याही वर गेली, तेव्हा मी अकरावीत होते आणि आमच्या जिन्याच्या एकेक पायरीवर चढत येणारे पाणी मी वरून पाहत होते. जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला आणि त्याच वर्षी मी पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. नदीला पक्की भिंत बांधायची, एवढीच त्या वेळची माझी समजूत आणि महत्त्वाकांक्षा होती.

दुसऱ्या वर्षी स्थापत्याच्या पदवीबरोबर पर्यावरणशास्त्राचा मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम, अभ्यासक्रम घेता येतो असे समजले. त्यासाठी 18 ते 20 क्रेडिट जादा मिळवावे लागतात, म्हणजे सुट्टीचे आणि मोकळे असे सगळे तास त्यात जातात. पूररेषांवरच्या एका तासामुळे मी तो घेतला. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर कशी आखतात, हे आम्हाला नीट शिकवले गेले. परंतु त्या रेषांच्या आतली जमीन पूर नसतो तेव्हा काय करते, तिथे काय उगवते, तिथला गाळ कुठून येतो, हे विचारल्यावर तो आपला विषय नव्हे असे उत्तर मिळाले. एका ज्येष्ठ शिक्षकांनी मला बाजूला घेऊन दोन दगडांवर पाय ठेवू नकोस असेही सांगितले. त्यांच्या सांगण्यात काळजी होती, हे मी जाणते. पण ज्या नदीसाठी मी घर सोडून आले होते तिच्यावर दोन्ही विभागांचे दिवे अर्धे-अर्धेच पडत होते, याचा मला फार त्रास होत असे.

या दोन अभ्यासांच्या मधला सांधा मला पहिल्यांदा दिसला तो तुमच्या टेबलावर. स्थापत्यात पर्यावरण अभियांत्रिकी हा विषय असतोच. दरडोई दररोज 135 लिटर पाणी धरायचे, त्याचे 80 टक्के सांडपाणी होते असे मानायचे आणि त्यावरून गटाराचा व्यास व टाकीचे आकारमान काढायचे. हा धडा सांडपाणी नदीत सुटते त्या तोंडाशी संपतो. पर्यावरणशास्त्राचा धडा बरोबर त्याच तोंडापासून सुरू होतो आणि पाणी तिथवर कोणत्या उताराने, कोणत्या टाकीतून आले याची विचारपूस करत नाही. तुम्ही मात्र वर्षानुवर्षे दोन्ही विभागांच्या बाटल्या एकाच इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे ठरावीक तापमान राखणाऱ्या पेटीत, ठेवत आला होता आणि त्यामुळे दोन्ही धड्यांमधले पाणी एकच आहे, हे तुम्हाला कोणी शिकवावे लागले नव्हते.

बीओडीच्या, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जीवाणू किती प्राणवायू वापरतात ते मोजणाऱ्या, चाचणीचा हिशेब तुम्हाला सांगण्याची गरज नाही, तरी हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते. पाच दिवस आणि 20 अंश सेल्सिअस ही पद्धत थंड देशांतून आलेली. आपल्या हवेला साजेशी म्हणून आपल्याकडे तीन दिवस आणि 27 अंश अशी पद्धत वापरतात. माझ्या दोन्ही वेळापत्रकांतून नदीवर जाण्यासाठी केवळ गुरुवारची दुपार उरत असे. गुरुवारी भरलेली बाटली तीन दिवसांनी, म्हणजे रविवारी उघडावी लागते, आणि रविवारी इमारत बंद. मी ही अडचण सांगितल्यावर तुम्ही कॅलेंडरकडे पाहिले आणि ‘साडेनऊला ये, उशीर नको’ एवढेच म्हणालात. त्यानंतर दोन सत्रे, शहराच्या दुसऱ्या टोकाहून बस बदलून, तुम्ही माझ्या बाटल्यांसाठी रविवारी येत राहिलात. हे तुमच्या कामाच्या तासांत कुठेही नोंदले गेलेले नाही.

नमुना कसा घ्यायचा हेही तुम्हीच शिकवलेत. 300 मिलिलिटरची बाटली तळापासून भरत आणायची, भरून सांडू द्यायची, तिच्या खांद्याला एक बुडबुडादेखील चिकटू द्यायचा नाही, बाटली आणि झाकण यांवर कोरलेले क्रमांक जुळवूनच बूच बसवायचे आणि प्रयोगशाळेत परतण्याची वाट न पाहता काठावरच रसायने घालायची. खडकवासला धरणाच्या खाली घेतलेल्या बाटलीत मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घातल्यावर गूळपाण्यासारखा तपकिरी साका बसला. तिथे प्राणवायू होता. त्याच दिवशी, उन्हाळ्याच्या ऐन भरात, शहर ओलांडल्यावर एका पुलाखाली घेतलेल्या बाटलीत साका पांढराच राहिला. मी समजले की रसायन चुकले. तुम्ही दुसरी बाटली भरायला लावलीत, तिसरीही भरायला लावलीत, आणि तिन्ही पांढऱ्या राहिल्यावर म्हणालात, ‘रसायन बरोबर आहे. पाण्यातच काही उरलेले नाही.’ आंघोळीला योग्य पाण्यात लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा आणि बीओडी 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, हा निकष मी परीक्षेत दोनदा लिहिला होता. त्या तीन पांढऱ्या बाटल्या हातात धरेपर्यंत तो मला कळलेला नव्हता.

मला सर्वाधिक आभार मानायचे आहेत ते खळाळासाठी, म्हणजे दगडगोट्यांवरून खळखळत जाणाऱ्या उथळ प्रवाहासाठी. हायड्रॉलिक्सच्या तासाला, प्रवाहाचा वेग काढण्याच्या मॅनिंगच्या सूत्रातील ‘एन’, म्हणजे पात्राचा खडबडीतपणा, हा आमच्या दृष्टीने शत्रू होता. गुळगुळीत काँक्रीटसाठी साधारण 0.015 आणि दगडगोट्यांच्या, झाडोऱ्याच्या पात्रासाठी 0.035 धरायचा, ‘एन’ जितका लहान तितके पाणी वेगाने निघून जाते, म्हणून तो लहान करणे म्हणजे चांगले काम. तुम्ही मला आमच्या प्रकल्पातील, उपनगरातल्या नाल्यावर नेऊन खळाळाच्या वरची एक आणि खालची एक अशा दोन बाटल्या भरायला सांगितल्यात. रविवारी ब्युरेटखाली खालच्या बाटलीला वरच्या बाटलीपेक्षा जास्त थायोसल्फेट लागले, म्हणजे तिच्यात प्राणवायू जास्त होता. एवढ्याशा अंतरात, कोणतेही यंत्र न लावता, पाण्याने हवेतून प्राणवायू ओढून घेतला होता. ‘पाणी आपटले की श्वास घेते,’ असे तुम्ही म्हणालात आणि बाटल्या धुवायला गेलात.

त्या संध्याकाळी मी स्ट्रीटर आणि फेल्प्स यांचे समीकरण पुन्हा उघडले. ओहायो नदीच्या अभ्यासातून 1925 साली मांडलेल्या या समीकरणात एका बाजूला जीवाणू प्राणवायू खात असतात आणि दुसऱ्या बाजूला नदी तो हवेतून भरून काढत असते. हे भरून काढणे उथळ आणि खळबळत्या प्रवाहात जास्त, तर खोल आणि संथ डोहात कमी होते. बंधाऱ्याने अडवलेले पाणी दिसायला भरलेले असले तरी श्वासाला अपुरे का पडते, तेही इथेच समजते. म्हणजे खडबडीतपणामुळे होणारी जी घट एका वहीत ‘हानी’ म्हणून मी वजा करत होते तीच दुसऱ्या वहीत नदीची कमाई म्हणून जमा होत होती. त्या दिवसापासून मी दोन वह्या ठेवणे बंद केले. दोन विषय एकत्र शिकल्याचा खरा लाभ कोणता असे मला कोणी विचारले, तर मी हाच सांगते.

याचा अर्थ काँक्रीट वाईट आणि झाडे चांगली, इतके सोपे काही माझ्या हाती लागले असे नाही, आणि ते तुम्हीही कधी म्हणाला नाहीत. बाकी सारे तेच ठेवून ‘एन’ 0.015 वरून 0.035 वर नेला की वेग निम्म्याहून खाली येतो आणि तेवढाच पूर वाहून नेण्यासाठी पात्राचा आडवा छेद दुपटीहून मोठा करावा लागतो. नाल्याला जगू द्यायचे तर तो जागा मागतो, आणि वस्ती काठाला भिडलेली असताना ती जागा कोणाची, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच सूत्रात नाही. शेवटी आम्ही दोन टप्प्यांचा छेद मांडला : मध्ये उन्हाळी प्रवाहासाठी दगडगोट्यांचा अरुंद मार्ग, दोन्ही बाजूंना पावसाळ्यात बुडणारे रुंद काठ, त्यांवर वाळुंज, उंबर आणि करंज, आणि जिथे घरे अगदी जवळ आहेत तेवढ्याच लांबीत संरक्षक भिंत. बाह्य परीक्षकांनी जमिनीच्या किमतीबद्दल विचारले तेव्हा माझे उत्तर अपुरे पडले. खळाळांमधल्या प्राणवायूबद्दल विचारले तेव्हा मात्र मी बारा रविवारांचे आकडे समोर ठेवू शकले.

सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या भेटीतून आणलेल्या गाळाचा थेंब तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून देठावर डोलणारे घंटेच्या आकाराचे जीव दाखवले होते, तेही इथे नोंदवते. हे जीव दिसले की टाकीची तब्येत ठीक आहे, असे तुम्ही सांगितलेत. आम्ही त्या टाकीच्या भिंतीची जाडी आणि तिच्यातले लोखंड हिशेबाने काढायला शिकलो होतो; आत कोण राहते, हे कोणी सांगितले नव्हते.

सध्या मी सांगलीत एका सल्लागार कार्यालयात नाले आणि पावसाळी गटारांच्या आराखड्यांवर काम करते. आराखडा हाती आला की आधी चालत जाऊन खळाळ आणि डोह कुठे आहेत ते नकाशावर पेन्सिलीने मांडते. भिंतीही आखते, कारण जिन्यावर चढणारे पाणी मी विसरलेले नाही. परंतु भिंत कुठे लागत नाही, हेही आता मला लिहून देता येते, आणि आमच्या कार्यालयातील वरिष्ठांनी अलीकडेच एका ठिकाणी ते मान्य केले.

तुमच्या निरोप समारंभाला मी येणार आहे. ग्रंथपालांशी बोलणे झाले असून, अहवालाच्या ग्रंथालयातील प्रतीत ऋणनिर्देशाचे दुरुस्त केलेले पान लावण्यास त्यांनी संमती दिली आहे. चार वर्षे मी तुम्हाला केवळ मामा म्हणत आले, त्यामुळे एक विनंती करावी लागत आहे : तुमचे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, तुम्हाला जसे छापून यावे असे वाटते तसे, कृपया कागदावर लिहून ठेवावे.

तुमची विद्यार्थिनी,
स्थापत्य अभियांत्रिकी, आणि गुरुवारी दुपारी पर्यावरणशास्त्र